घाट, मीठ आणि वीस बाजूंचा फासा

रविवारी दुपारी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी कुणी डोकावलं तर त्याला वाटतं, मी गोष्ट सांगतेय आणि चौघं ऐकताहेत. सतरंजी, मध्ये फासे, कागद-पेन्सिली, चिरमुऱ्यांची परात. प्रत्यक्षात मी बोलते ती दोन-तीन वाक्यं. जागा कशी आहे, तिथं कोण आहे, काय चाललंय, एवढं सांगायचं आणि विचारायचं, "बरं, आता काय करतोस?" पुढचं त्या चौघांनी ठरवायचं. त्यांनी जे ठरवलं त्याचा परिणाम काय होतो ते मी सांगायचं, आणि परत तोच प्रश्न. गेम मास्टरचं काम एवढंच, आणि मला ते अतिशय प्रिय आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोल-प्लेइंगमध्ये प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं. त्या पात्राची ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप हे सहा गुण आकड्यांत लिहिलेले असतात. आम्ही खेळतो त्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत 10 किंवा 11 हा साधारण माणसाचा आकडा. त्यावरच्या दर दोनांमागे फाशात मिळवायचा आकडा, म्हणजे वाढावा, एकानं वाढतो, खालच्या दर दोनांमागे एकानं घटतो. पात्राला एखादी अवघड गोष्ट करायची असेल तर गेम मास्टर मनाशी एक आकडा धरतो: सोपं असेल तर 10, मध्यम 15, कठीण 20. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपला वाढावा मिळवतो, आकडा गाठला तर जमलं. बाकी तलवारी, मंत्र, जखमा यांचे नियम आहेत, पण पाया हाच.

वीस बाजूंचा फासा बेळगावात दुकानात मागून मिळत नाही. मागवलेले फासे येईपर्यंत आम्ही हाउजीच्या सोंगट्यांवर खेळलो. 1 ते 20 आकड्यांच्या सोंगट्या एका कापडी पिशवीत घालायच्या, हात घालून एक काढायची, आणि आकडा वाचला की लगेच परत पिशवीत टाकायची. हे परत टाकणं महत्त्वाचं. सोंगटी बाहेर ठेवली की उरलेल्यांत काय आहे ते माणसं मोजायला लागतात, "अजून वीस यायचाय, थांबूया" असं म्हणतात, आणि नशिबाचा हिशेब होऊन बसतो. पिशवी मी अजून ठेवली आहे, पावसाळ्यात वीज गेली आणि मेणबत्तीच्या उजेडात फाशावरचे बारीक आकडे दिसेनात की तीच काढतो.

नियमांचं मूळ पुस्तक महाग असतं. पण 2023च्या जानेवारीत प्रकाशक कंपनीनं, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला केला. चारशेच्या आसपास पानं आहेत. त्यातली मला रोज लागतात ती फार थोडी. ती मी उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मराठीत उतरवून काढली. बाकीची लागतील तेव्हा बघायची.

या खेळाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा गेम मास्टर कुठून आला ते कळलं आणि माझी या कामाकडे बघण्याची नजर पक्की झाली. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातल्या गेऑर्ग फॉन रायस्वित्झ या अधिकाऱ्यानं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ तयार केला. खरा, मोजमापाचा नकाशा, त्यावर फौजांचे ठोकळे, फासे, आणि मधोमध एक पंच. दोन्ही बाजूंनी आपापले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचे. आपल्या फौजेला जेवढं दिसेल तेवढंच पंच त्यांना दाखवणार. पुढे 1876 मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या सेनापतीनं म्हटलं की कोष्टकं आणि गुणाकार बाजूला ठेवा, लढाईचा अनुभव असलेला पंच स्वतःच्या निवाड्यानं सांगू दे काय झालं ते. गेम मास्टरची सगळी परंपरा या दोघांच्या मधल्या जागेत उभी आहे. किती फाशावर सोडायचं आणि किती निवाड्यावर, हा प्रश्न मला दर रविवारी पडतो.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. 1969 साली डेव्हिड वेझली यानं मिनेसोटात एक खेळ घेतला. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, नेपोलियनच्या काळातलं. फौजांच्या मधल्या त्या गावातली माणसंही त्यानं खेळाडूंना वाटली: कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी साधायचं होतं. लढाई सुरू व्हायच्या आधीच खेळाडू एकमेकांना गाठून खलबतं करायला लागले, दोघांनी तर द्वंद्वच ठरवलं. वेझलीला वाटलं खेळ हाताबाहेर गेला. खेळाडू म्हणाले, पुन्हा घे. त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होता, आणि त्यानं गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापलं. पहिली छपाई हजार प्रतींची.

माझ्यासाठी यात मुख्य ते हे: गावातल्या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. कथानक लागत नाही. जागा लागते आणि हवं असणारी माणसं लागतात.

जागा कुठली घ्यायची, यावर माझं मत ठाम आहे. तयार इंग्रजी साहसांवर, म्हणजे छापून मिळणाऱ्या कथानकांवर, आम्ही नियम शिकलो, ती चांगली असतात. पण त्यांतल्या बर्फाळ खिंडीत आणि दगडी सरायांत माझे खेळाडू पाहुण्यासारखे वागायचे. "इथं काय काय करता येतं?" असं मला विचारायचे. मग मी खेळ खानापूरच्या घाटात आणला. वर कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते. पलीकडे चोर्ला उतरून गोवा. दक्षिणेला भीमगडचं जंगल आणि म्हादई. इकडे हलशी, कदंबांची दुसरी राजधानी, 12व्या शतकातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ असलेली. काळ कदंबांच्या काळासारखा, पण साल मुद्दाम घातलं नाही. घाटाखाली मिठागरं, घाटावर भात, आणि मधून बैलांच्या पाठीवर गोणी लादून जाणारे लमाण तांडे. जागा बदलली आणि पहिल्याच बैठकीत माझ्या मावसभावानं विचारलं, "अक्का, आता जांभळं पिकली असतील की. मग अस्वल असणार." हे माझ्या कागदावर नव्हतं. त्या दिवशी अस्वल आलं.

खेळाडू चौघं. मावसभाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याला लढाई हवी असते. वडगावची एक मैत्रीण, तिच्या घरी माग आहेत, ती कमी बोलते. ऑफिसातला सहकारी चिकोडीचा, घरची भाषा कन्नड. आणि शेजारचे सुभेदारकाका, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. "मी नुसतं बघतो गं" म्हणून बसले ते कायमचे बसले.

खेळ सुरू करण्याआधी एक बैठक नुसती बोलण्याची ठेवली. खेळणाऱ्या मंडळींत तिला शून्यावी बैठक म्हणतात आणि मला ती पहिल्या लढाईपेक्षा मोलाची वाटते. टेबलावर काय येणार नाही ते तिथं ठरलं. लहान मुलांना इजा नाही. आजारपणाची तपशीलवार वर्णनं नाहीत. आणि भाषेवरून भांडण नाही. बेळगावात हे वेगळं सांगायला लागू नये असं वाटतं, पण लागतं. आमच्या घाटात दोन्ही भाषा बोलणारी माणसं असणार, जशी ती खानापूरच्या बाजारात असतात, आणि त्यांचे तंटे मिठाचे, पाण्याचे, जमिनीचे असणार. चिकोडीचा सहकारी म्हणाला, "मॅडम, मग नाकेदार कन्नड बोलू दे." ठरलं. टेबलावर सगळ्यांनाच कन्नड कळतं, पण सुभेदारकाकांचं पात्र घाटाखालचं आहे, म्हणून त्याला कळत नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं, आणि ते इतकं निष्ठेनं पाळलं की दर वेळी सहकाऱ्याकडे वळून, "काय म्हणतोय त्यो?" विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.

त्याच बैठकीत मी मध्ये एक कार्ड ठेवलं, त्यावर नुसती फुली. ही युक्ती जॉन स्टाव्रोपोलोस या अमेरिकन खेळाडूची. कुणालाही चाललेला प्रसंग नको वाटला तर कार्डाला बोट लावायचं. कारण सांगायचं नाही, मी विचारायचं नाही, प्रसंग तिथंच वळवायचा. आमच्याकडे ते एकदा वापरलं गेलं. मी एका झोपडीतला म्हातारा वर्णन करत होते, त्याचा श्वास कसा लागलाय ते. बोट कार्डावर आलं. "म्हातारा झोपलाय, सून बाहेर येते," असं म्हणून मी पुढे गेले. कुणाचं बोट होतं ते इथंही लिहिणार नाही.

माझी तयारी एका फुलस्केप कागदाची असते. वर जागेचं नाव आणि तीन गोष्टी, ज्या डोळ्यांना, कानांना आणि नाकाला जाणवतील. खाली चार माणसं. प्रत्येकापुढे दोन ओळी: काय हवंय, आणि कशाची भीती वाटते. त्याखाली एक ओळ, जी मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडते: आपल्या खेळाडूंनी काहीच केलं नाही तर उद्या, परवा आणि तेरवा काय होईल. आणि कडेला नावांची उतरंड, कारण खेळाडू नेमकं रस्त्यात भेटलेल्या गुराख्याचं नाव विचारतात आणि गेम मास्टर अडखळला की त्या माणसातला जीव जातो. नावं मी आपल्याच भागातली घेते. भरमू, सातेरी, कल्लाप्पा, गंगू, रवळू, यल्लव्वा, परसू. नाव उच्चारलं की माणसाचं वय आणि घर अर्धं उभं राहतं.

जकात नाक्याचा कागद मला पाठ आहे. जागा: घाटमाथ्यावरचा नाका, वळवाचा पाऊस नुकता पडून गेलेला, ओल्या गोणपाटाचा वास. नाकेदार: अमावस्येआधी वही जुळायला हवीय, भीती, राजाचा तपासनीस. तांड्याचा नाईक: मृग लागायच्या आत मीठ घाटावर पोचायला हवंय, भीती, पावसात मीठ जाईल. देवराईचा गुरव: राईतून बैल जायला नकोत, भीती, गाव आपलं ऐकेनासं होईल. गावातली गंगू: मीठ हवंय, भीती, ते परवडणार नाही. कुणी काहीच केलं नाही तर उद्या नाईक नाका चुकवायला रात्रीतून राईमधून बैल घालणार, परवा गाव त्यांना अडवणार, तेरवा रक्त सांडणार. माझे चौघं तांड्याचे राखणदार म्हणून लागलेले.

नाक्यावर मी कन्नडमध्ये दरडावलं, "यार्री नीव? एल्लिंद बंद्री?" सहकाऱ्यानं उत्तर दिलं, काकांसाठी मराठी केलं. नाकेदारानं तराजू काढला. जकात वजनावर. आता मीठ भिजलेलं, म्हणजे गोण जड. नाईक म्हणतो, पाण्याची जकात मी देणार नाही. नाकेदार म्हणतो, काटा जे दाखवेल ते. मावसभावाचा हात तलवारीकडे गेला. "अक्का, नाक्यावर शिपाई किती?"

"चार. आणि आत दोन जेवूलालेत."

काकांनी मान हलवली. सहा शिपाई, उतारावर आपण, वर ते. नको.

मग मैत्रीण बोलली. "मीठ किती भिजलंय?"

मला माहीत नव्हतं. अशा वेळी मी फासा टाकते, सगळ्यांसमोर, आणि टाकायच्या आधी सांगते कुठल्या आकड्याचा काय अर्थ. प्रत्येक बैलामागे एक सहा बाजूंचा फासा: 1-2 कोरडं, 3-4 दमट, 5-6 गळतंय. पुढच्या बैलांचं कोरडं निघालं, मागच्यांचं गळत होतं. ते पावसात उशिरा आडोशाला आले असणार, असं मी जोडून दिलं.

ती म्हणाली, "आता आंबे कुठले? कैऱ्याच ना?"

कैऱ्याच.

"माझी आजी जांबोटीची. पाऊस लागायच्या आत बरण्या भरून खारातले आंबे घालायची. फणसाचे गरे पण. मीठ पाण्यातच विरघळायचं असतंय, तर ते आधीच भिजलेलं असलं म्हणून बिघडलं कुठं? गावातल्या बायकांकडं कैऱ्या पडल्यात आणि मीठ न्हाई. गळणाऱ्या गोणी इथंच विकायच्या. मापानं. काट्यावर चढवायच्याच न्हाईत."

सतरंजीवर सगळे तिच्याकडे वळले. नाईकाच्या डोळ्यांनी मी तो व्यवहार तपासला: घाटावर पोचेपर्यंत निम्मं गळून जाणार होतं ते मीठ इथंच पैसे देत होतं. गंगूला परवडत होतं, कारण वाळलेल्या मिठाचा भाव कुणी लावणार नव्हतं. राईतून जायचं कारणच उरत नव्हतं. अडत होता फक्त नाकेदार, त्याची जकात बुडत होती. ती त्याच्याकडे वळली, म्हणजे माझ्याकडे, आणि म्हणाली, "दर मडक्यामागं विक्रीची जकात लावा. गावासमोर वहीत चढवा. तपासनिसाला दाखवायला पानं भरतील तुमची."

इथं निवाडा करायचा होता. नाईक आणि गंगू यांच्यासाठी मी फासा मागितला नाही. त्यांना जे हवं होतं तेच मिळत होतं, शंकेला जागा नव्हती. फासा तिथंच टाकायचा जिथं दोन्ही बाजूंनी काही घडू शकतं, आणि दोन्ही घडणं खेळाला पुढे नेतं. नाकेदाराच्या बाबतीत तसं होतं. 15 धरले. तिच्या पात्राची छाप 12, म्हणजे वाढावा एकच. फाशावर 14 किंवा वर यायला हवं. एका फाशात याची शक्यता 35 टक्के. पण गावातल्या बायका मडकी घेऊन तिच्यामागे उभ्या होत्या, म्हणून मी तिला दोन फासे दिले, मोठा तो धरायचा. मग शक्यता 58 टक्क्यांच्या आसपास जाते. या एका नियमासाठी मी पाचव्या आवृत्तीची ऋणी आहे: बेरजा-वजाबाक्या न करता परिस्थितीचं वजन फाशात उतरतं.

6 आणि 17.

मावसभावानं परातीवर थाप मारली, चिरमुरे सतरंजीभर झाले. ज्या मुलीनं तोवर "मी यांच्या मागनं जाते" याच्या पलीकडे फारसं काही म्हटलं नव्हतं, तिनं एक अख्खा रक्तपात आजीच्या बरणीनं टाळला होता. नियमांच्या चारशे पानांत खारातल्या आंब्यांबद्दल काहीही नाही. खेळाडूला जे ठाऊक आहे ते कामी येईल अशा जागी खेळ मांडला की तो असा बोलायला लागतो, हे मला त्या नाक्यावर दिसलं, आणि तेव्हापासून प्रत्येक कागद लिहिताना मी आधी विचार करते, या चौघांपैकी कुणाला यातलं काय माहीत असेल.

सुभेदारकाकांना जमीन माहीत आहे. त्यांच्यासाठी नकाशा असावा लागतो. पलटणीत मोहिमेआधी मातीचं सँड मॉडेल करतात, त्यावर डोंगर, नाले, वाटा दाखवून हुकूम देतात, हे त्यांनीच मला सांगितलं. माझ्या पेन्सिलीच्या रेघांवर त्यांचं समाधान होईना. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात किल्ला केला होता. लाल मातीचा, उतारावर अळीव उगवलेलं, बाजारातले मातीचे मावळे बुरुजावर. पोरांची परवानगी घेऊन एक बैठक आम्ही त्या किल्ल्याभोवती केली. सुतळीला गाठी मारल्या, एक गाठ म्हणजे पाच फूट. साधं पात्र एका पाळीत तीस फूट चालतं, म्हणजे सहा गाठी.

काका गुडघ्यांची कुरकुर विसरून अंगणात पोटावर झोपले, एक डोळा मिटला, गाल मातीला लावला आणि मावळ्याच्या उंचीवरून बघितलं. "हितनं बुरूज दिसत न्हाई. मधी उंचवटा हाय. तू बाण मारणार कसा रं?" मावसभाऊही शेजारी झोपला. खरंच दिसत नव्हता. मी निवाडा त्यांच्या बाजूनं दिला: दिसत नाही, तर बाण नाही. पण मग त्याच उंचवट्यामागून वरून येणारे बाणही लागणार नाहीत. काकांना नेमकं तेच हवं होतं.

त्यांनी हल्ला केलाच नाही. आदल्या बैठकीत मी वर्णनाच्या ओघात म्हटलं होतं की गडाचं टाकं तटाबाहेर आहे, सकाळी बायका घागरी घेऊन उतरतात. काकांनी ते वहीत टिपलं होतं. टाक्याची वाट धरून बसायचं, बायका-पोरांना पाणी नेऊ द्यायचं, शिपायांना नाही. मी लढाईची तयारी करून बसले होते, शिपायांचे आकडे लिहून ठेवले होते. ते मी बाजूला सारले. एकदा टेबलावर उच्चारलं की ते खरं, माझ्यावरही बंधनकारक. टाकं आत होतं असं मी आता म्हणू लागले तर काकांच्या वहीला काही किंमत राहत नाही. तिसऱ्या दिवशी गडकऱ्यानं माणूस पाठवला. एकही फासा न टाकता गड हाती आला आणि दिवेलागणीपर्यंत अटींची बोलणी चालली, त्यात सहकाऱ्यानं गडकऱ्याला कन्नडमध्ये असं काही बोलण्यात गुंतवलं की मला शब्द पुरेनात.

फासे समोर टाकण्याबद्दल बऱ्याच गेम मास्टरांचं मत वेगळं असतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचे, नको तो आकडा आला तर गुपचूप बदलायचा, म्हणजे खेळाडूंचं मन मोडत नाही. मी ते करत नाही, आणि याची किंमत मोजावी लागते ती भीमगडच्या जंगलात मोजली.

त्या जंगलात खरोखरच बारापेडेची गुहा आहे, रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळांची, फार दुर्मीळ जात. आमच्या खेळात त्या गुहेत पळून गेलेला तपासनीस लपला होता. वटवाघळं उठली, अंधारात झटापट झाली आणि मावसभावाचं पात्र पडलं. जीव शून्यावर आला की पाचव्या आवृत्तीत मरणाचे फासे असतात. दर पाळीला वीस बाजूंचा एक: 10 किंवा वर आले तर एक पाऊल जगण्याकडे, खाली आले तर एक पाऊल पलीकडे. जे आधी तीन होतील ते. या फाशात गुण मिळवायचे नसतात, ताकद-चपळाई काही कामाची नाही. 12 आले. मग 7. मग 4. बाकी तिघं त्याच्यापर्यंत पोचायची धडपड करत होते, मध्ये तपासनिसाची माणसं. 15 आले. दोन-दोन. मैत्रीण दोन गाठींवर होती, पुढच्या पाळीला हात पोचला असता.

9.

"परत टाकू काय अक्का?" त्यानं विचारलं, आणि तो विनोद करत नव्हता.

"न्हाई रे."

नाक्यावरचे 17 खरे होते म्हणून ते मैत्रिणीचे होते. हे 9 मी खोडले असते तर ते 17 सुद्धा मी दिलेलं दान ठरलं असतं. मी चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावर त्याला विचारलं की पात्राचं काय करायचं, कारण ते ठरवायचा हक्क फक्त त्याचा. तो म्हणाला, इथं गुहेत नको, खाली नेऊ दे. काकांनी त्यांच्या पात्राकरवी त्याला खांद्यावर घेतलं आणि म्हादईच्या काठापर्यंत नेलं. कुठल्या वाटेनं, कुठं थांबत, हे सगळं ते सावकाश सांगत गेले आणि कुणी घाई केली नाही. रात्री जेवण झाल्यावर भाऊ नवीन कागद घेऊन आला. या वेळी त्याला वैदू व्हायचं होतं.

घाटाचा खेळ पावसाळ्याच्या आधी संपला. तांडा उतरला, नाका मोडला, हलशीच्या देवळात निवाडा झाला. आता खेळ वडगावची मैत्रीण घेणार आहे. तिनं जागा निवडली आहे गोकाक: 19व्या शतकाचा शेवट, घटप्रभेचा धबधबा, सूतगिरणी, झुलता पूल, आणि पुलावरून रात्रीत नाहीसा झालेला एक जमादार. तपासाचा खेळ आहे. त्यात एकच धागा ठेवून भागत नाही, फासा चुकला की खेळ तिथंच थांबतो. प्रत्येक निष्कर्षाकडे जाणारे किमान तीन धागे असावे लागतात, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांकडे. तिनं मला एक सूत दाखवलं, मधोमध गाठ मारलेलं. गाठ कुठल्या हाताची आहे ते तिला दिसतं, मला दिसत नाही. तो तिचा पहिला धागा आहे, बाकीचे दोन ती सांगत नाही.

मी या वेळी खेळाडू आहे. सहा बाजूंचे चार फासे टाकून लहानात लहान सोडायचा, असं सहा वेळा केलं: 15, 13, 12, 11, 9, 8. पंधरा शहाणपणाला दिले, आठ ताकदीला. गिरणीच्या फाटकाशी चहा विकणारी विधवा, नाव यल्लव्वा. पुलावरून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिला ओळखतो, आणि मला पहिल्याच रविवारी विचारायचंय की त्या रात्री पुलावरचा पहारा किती वाजता बदलला आणि बदलीवर आलेल्या माणसानं चहा घेतला होता का.